एकविसावा पट

१

एकाच वेळी वीस जणांशी बुद्धिबळ खेळणाऱ्याचं डोकं शिणत असेल, असं लोकांना वाटतं. बेसिल डिमेलोचे शिणायचे ते पाय.

परळच्या रेल्वे वर्कशॉपात तो ड्राफ्ट्समन होता. वय बावन्न. ठाकूरद्वारला एका वाडीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको इनेझ राहत. मूलबाळ नव्हतं. महिन्यातून एखाद्या रविवारी कुठल्या तरी वाचनालयाचं नाहीतर व्यायामशाळेचं बोलावणं यायचं. बेसिल जायचा, टेबलांच्या चौकोनात उभा राहायचा आणि तीन-चार तास गोल फिरत राहायचा. पूर्वी त्यात मजा होती. आता तो जायचा, कारण नाही म्हणायलाही अंगात त्राण लागतं.

सत्तावन्न सालच्या मार्चमधला तो असाच एक रविवार. लालबागची व्यायामशाळा. भिंतींवर निवडणुकीची पत्रकं अजून तशीच चिकटलेली, कोपऱ्यात तेल पिऊन काळा झालेला मल्लखांब, आणि त्याला वळसा घालून मांडलेली वीस टेबलं. व्यायामशाळेचे चिटणीस शामराव राणे यांनी स्टुलावर चढून नियम सांगितले. "खेळ विलायती पद्धतीचा. प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं. किल्लेकोट आहे. राजानं घोड्यासारखी उडी मारायची नाही. डिमेलोसाहेब समोर आले की मगच आपली चाल करायची."

"राजाची उडी नाही, मग राजा कसला?" मागून एक म्हातारा पुटपुटला. दोघं-तिघं हसले. जुनी माणसं देशी डावावर वाढलेली, त्यांना हे नवे कायदे सासुरवासासारखे वाटत.

बेसिलची एक सवय होती. कोटाच्या डाव्या खिशात तो वीस चिंचोके घेऊन यायचा. एका पटावर चाल केली की एक चिंचोका उजव्या खिशात. डावा खिसा रिकामा झाला की एक फेरी पुरी. लोकांच्या तोंडाकडे तो बघायचा नाही. बघायचा तो पट आणि समोरचा हात.

दोन वाजता त्यानं पहिल्या पटावर राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं आणि चालायला लागला.

२

पहिल्या दोन फेऱ्या कोऱ्या गेल्या. कुणी फ्रेंच बचाव मांडला, कुणी नुसताच घोडा काढून बसला. तिसऱ्या फेरीत उंट बाहेर पडताच सातव्या पटावरच्या शाळामास्तरांनी स्पॅनिश डाव ओळखून "मॉस्कोतल्या अजिंक्यपदाच्या सामन्यात सध्या हेच चाललंय ना?" असं विचारलं. बेसिल हं म्हणाला आणि पुढे गेला.

त्याच फेरीत पुढे एक पट त्याला बरा वाटला. समोरच्यानं कडेचं प्यादं एकच घर सरकवलं होतं. आधी हललेलं प्यादंही तसंच, एकच घर पुढे. घाई नाही, दिखाऊपणा नाही. हात सावळा, बोटांची पेरं रुंद, नखांच्या कडेला मशीनचं तेल मुरलेलं. बेसिलनं उंट काढला, चिंचोका बदलला आणि पुढे गेला. एकोणिसाव्या पटावरची चाल करून त्यानं पुढच्या चिंचोक्यासाठी डाव्या खिशात हात घातला आणि थांबला.

खिसा रिकामा होता. आणि पुढे अजून एक पट होता.

एखादा चिंचोका पडला असेल. त्यानं शेवटच्या पटावर चाल केली आणि उजव्या खिशातले चिंचोके तळहातावर घेऊन मोजले. वीस. पडला नव्हता.

"शामराव, पट किती?"

"वीस, साहेब. का हो?"

"एकवीस तर नाही मांडलेत?"

शामरावांनी बोटानं मोजून दाखवलं. बेसिलनंही त्यांच्याबरोबर मोजलं. वीस टेबलं, वीस माणसं. शामरावांनी चहा मागवला. "ऊन फार आहे," ते म्हणाले. बेसिलनं चहा घेतला. एका पटावर दोनदा चाल केली असेन, असं त्यानं मनाशी म्हटलं. पण तसं झालं असतं तर समोरचा ओरडला असता. व्यायामशाळेतली माणसं, ती काय गप्प बसतात?

३

बेसिलला एक देणगी होती. बघितलेला पट तो विसरत नसे. बाकावर टेकून त्यानं डोळे मिटले आणि सगळे डाव पहिल्यापासून डोळ्यांसमोर आणले. पहिला पट, सोड्याच्या दुकानवाला. दुसरा, दोन भाऊ मिळून खेळत होते तो. तिसरा, चौथा. माणसं गिरणीतल्या पट्ट्यावरच्या कापडासारखी सरकत गेली आणि वीसच निघाली. डाव मात्र एकवीस निघाले.

तो सावळा हात कुणाच्याही अंगाला लागत नव्हता.

आणखी दोन फेऱ्यांतही चिंचोके असेच कमी पडले, तेव्हा तो प्रत्येक पटाशी आकडा पुटपुटत निघाला. अकरा, मल्लखांबाच्या अलीकडचा. चाल. चिंचोका. बारा, मल्लखांबाच्या पलीकडचा. चाल. चिंचोका. तेराव्याशी आल्यावर त्याच्या लक्षात आलं की अकरा आणि बारा यांच्या मधे आपण आणखी एक चाल केली आहे. करताना कळलं नव्हतं, करून झाल्यावर आठवत होतं, जसं रस्ता ओलांडल्यावर आठवतं की मधे एक ट्राम गेली. त्यानं हत्ती मधल्या पट्टीत आणला होता. समोरच्यानं त्याआधी काय केलं होतं तेही स्वच्छ आठवत होतं. काळा राजा अडीच घरं उडून, प्याद्यांच्या आड जाऊन बसला होता.

ती घोड्याची उडी होती. देशी खेळात राजाला ती एकदाच मिळते. या दालनात ती कुणी मारली असती तर शेजारच्यानं त्याचा हात धरला असता.

बेसिल वळून मागे गेला. अकरावा पट, मल्लखांब, बारावा पट. मधे हातभर जागा होती. तिथे एक पायजमा वाळत घातला होता.

"काही विसरलात?" बाराव्या पटावरच्या माणसानं विचारलं.

"नाही."

४

एकेक घर चालणारी प्यादी त्यानं कुठे पाहिली होती, हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. माहीत असणं आणि मनात येऊ देणं या दोन गोष्टी वेगळ्या असतात.

वर्कशॉपात जयवंत तांबे नावाचा फिटर होता. तीस-एकतीसचा, इथेच लालबागला राहणारा. जेवणाच्या सुट्टीत तो ड्रॉइंग ऑफिसात यायचा आणि नकाशाच्या टेबलावर दोघं खेळायचे. जयवंत आज्याकडून गावात शिकलेला. विलायती कायदे बेसिलनं शिकवले, तरी प्यादं दोन घरं टाकायला त्याचा हात धजत नसे. "तुमची प्यादी पळतात, साहेब," तो म्हणायचा. "आमची चालतात." आणि त्याला एकच हौस होती, मात करायची तर प्याद्यानं. वजिरानं केलेली मात त्याला उसनी वाटायची.

गेल्या वर्षी जानेवारीत मुंबई पेटली. गिरगावात अश्रुधूर, गोळीबार, संचारबंदी. त्या शुक्रवारी संध्याकाळी इनेझ तापानं आतल्या खोलीत पडलेली, आणि बाहेरचं दार वाजलं.

"बेसिलसाहेब, मी जयवंत. इकडे अडकलोय. थोडा वेळ आत घ्या."

बेसिल दारापाशी गेला. कडीवर हात ठेवला. खाली गल्लीत शिट्ट्या चालल्या होत्या. शेजारच्या घरांची दारं बंद, पण कान उघडे. कुणाला घरात घेतलं, कशाला घेतलं, उद्या कोण काय सांगेल. आत इनेझनं हाक मारली, "कोण आहे?" आणि बेसिल म्हणाला, "कुणी नाही."

दार पुन्हा वाजलं नाही. कडीवर हात ठेवून तो किती तरी वेळ उभा होता. जिना लाकडी, मांजर उतरलं तरी वाजायचा. पण पावलं उतरताना त्याला ऐकू आली नाहीत. शेवटी दार उघडलं तेव्हा बाहेर कुणी नव्हतं. दार लावून तो आतल्या खोलीत जाऊन इनेझच्या उशाशी झोपला.

वर्कशॉप पुन्हा सुरू झालं, जयवंत आला नाही. मग कधीच आला नाही. चार जण त्याच्या घरी जाऊन आले, त्यांत बेसिलही होता. जयवंतची बायको कौसल्या दाराशी बसली होती. बेसिल खाली मान घालून उभा राहिला आणि सगळ्यांबरोबर परत आला. शुक्रवारचं त्यानं कुणाला सांगितलं नाही.

देशी खेळणारे शेकड्यांनी आहेत, तो आता स्वतःला म्हणाला. तेल मुरलेले हात या भागात घरोघर आहेत.

५

साडेचारच्या सुमाराला बारा डाव संपले होते. माणसं उठून मागे उभी राहिली होती, बिड्यांचा धूर छताला लागला होता. बेसिलची पोटरी दगड झाली होती. उरलेल्या आठ डावांची त्याला फिकीर नव्हती. त्या एकविसाव्या डावात मात्र एक काळं प्यादं घर घर करत त्याच्या राजाजवळ आलं होतं आणि त्याला ते अडवता येत नव्हतं.

या वेळी त्यानं ठरवलं, चाल करायची नाही. हात पटावर ठेवायचा, उचलायचा नाही, आणि मान वर करायची.

अकराव्या पटापासून तो पाऊल न उचलता, फरशीवर बूट घासत सरकला. हाताखाली लाकूड लागलं. उंटाचं टोक बोटात आलं. दालनातला गलबला कुणी उशी दाबावी तसा बसला. बेसिलनं मान वर केली.

मल्लखांब नव्हता. समोर खिडकी होती, आणि खिडकीला इनेझनं विणलेला जाळीचा पडदा. पडद्यातून दुपारचं ऊन येत होतं, ठाकूरद्वारच्या त्याच्या बाहेरच्या खोलीत रोज येतं तसं. खिडकीकडे पाठ करून एक माणूस बसला होता. मान खाली, पटावर. केस खांद्यापर्यंत आलेले. दाढी वर्षभराची वाढलेली, पटाच्या कडेला टेकलेली. सावळा हात प्याद्याजवळ ठेवलेला. तो माणूस थकला होता. त्याचा श्वास ऐकू येत होता, लांबवरून चढण चढून आल्यासारखा. आणि तो वाट बघत होता, समोरचा कधी खेळतो याची.

त्या माणसानं मान वर केली असती तर काय झालं असतं, याचा विचार बेसिलनं पुढेही कधी केला नाही. त्यानं हात ओढून घेतला.

"साहेब, बरं वाटत नाही का?" शामरावांनी त्याला दंडाला धरलं होतं.

राहिलेल्या फेऱ्यांत चिंचोके बरोबर निघाले. सतरा जिंकले, दोन बरोबरीत, एक मास्तरांनी जिंकला. टाळ्या झाल्या. बेसिलनं हार गळ्यातून काढून टेबलावर ठेवला आणि निघाला.

६

घरी इनेझ पलंगावर टेकून बसली होती. तिला दम्याचा त्रास. दुपारभर ती आतल्या खोलीत पडून असायची, मधलं दार लोटून. बेसिल बाहेरच्या खोलीत थांबला. टेबल, दोन खुर्च्या, खिडकीचा पडदा. पटाची पेटी कपाटावर, वर धूळ. सगळं जागच्या जागी होतं.

"जेवायला वाढू?" इनेझनं विचारलं.

"भूक नाही."

"एक सांगू तुला? दुपारचा तू तो खेळ मांडून बसतोस ना, तो बंद कर. सोंगट्या ठेवल्याचा आवाज येत राहतो. माझा डोळा लागत नाही."

बेसिल बूट काढत होता. तो तसाच वाकून राहिला. "आज मी लालबागला होतो, इनेझ."

"आजचं नाही म्हणत. आज आवाज मधेच थांबला, त्याचंच मला नवल वाटलं. रोजचं म्हणतेय."

"रोज दुपारी मी वर्कशॉपात असतो."

इनेझनं त्याच्याकडे बघितलं. भांडायला तिच्यातही त्राण नव्हतं. "मग मी हाक मारते तेव्हा हं कोण म्हणतं?" ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

७

सोमवारी जेवणाच्या सुट्टीनंतर बेसिलनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि लालबागला चालत गेला. कौसल्याची खोली चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागूनच. ती गोधडी शिवत बसली होती. भिंतीवर देव्हाऱ्याची जागा मोकळी होती आणि वर बुद्धाची तसबीर होती, नव्या काचेची.

"बसा, साहेब," ती म्हणाली. आश्चर्य तिला वाटलेलं दिसलं नाही. तिनं एकुलती खुर्ची पुढे केली. "ऑक्टोबरात आम्ही सगळ्यांनी दीक्षा घेतली. देव काढले. हे आले की त्यांना आधी घर ओळखू यायचं नाही."

बेसिल खुर्चीत बसला. वाटेत त्यानं वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरला. "कौसल्याबाई, मी एक गोष्ट तुमच्यापासून लपवली. त्या शुक्रवारी, संचारबंदीत, जयवंत माझ्या दाराशी आला होता. त्यानं हाक मारली. मी दार उघडलं नाही."

कौसल्यानं सुई गोधडीत खोचून ठेवली. "असं कसं म्हणता, साहेब? तुम्ही उघडलंत की."

"नाही."

"शनिवारी सकाळी ते घरी आले. तेच म्हणाले. साहेबांनी आत घेतलं, पाणी दिलं. रात्रभर साहेबांकडे होतो. बोलले मात्र काही नाहीत, म्हणाले. नुसतं खुर्चीकडे बोट दाखवलं आणि पट मांडला. पहाटे संचारबंदी उठली तेव्हा डाव अर्धा राहिला होता. म्हणून रविवारी पुन्हा गेले. डाव पुरा करून येतो म्हणाले."

बाहेर गॅलरीत कुणी तरी घागर ठेवली. बेसिलला ती ठेवल्याचा आवाज फार उशिरानं कळला.

"तुम्ही कुणाला सांगितलं नाही हे?"

"कुणाला सांगू? पोलिसांना? तुमचं नाव घेतलं असतं तर तुम्हाला धरलं असतं, आणि डाव मोडला असता. तुम्ही इथे आला होतात तेव्हा तुमच्या तोंडाकडे मी बघत होते. तुम्ही काही बोलला नाहीत. म्हटलं, डाव चालू असताना बोलत नसतात. हेच मला सांगायचे, जेवताना काही विचारलं की." "लोक म्हणतात, कौसल्येच्या डोक्यावर परिणाम झालाय. म्हणू देत. डाव संपला की येतील ना, साहेब?"

नाही म्हणायचं होतं बेसिलला. असा काही डाव नाही, मी शुक्रवारी भ्यालो आणि दाराआड उभा राहिलो, एवढंच खरं आहे. पण पट त्याच्या डोळ्यांसमोर होता, प्रत्येक मोहरा आपापल्या घरात. कालपासून तो हलला नव्हता.

"पुढची चाल माझी आहे," तो म्हणाला.

"मग करा की," कौसल्या म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, फक्त वर्षभराचा शीण होता. "इतके दिवस कशाला लावलेत?"

चाली दोन होत्या. हत्तीनं शह देत राहिलं तर डाव लांबत जाईल, आणखी वर्षभरसुद्धा. उंट मागे घेतला तर राजापुढची वाट मोकळी होईल आणि काळं प्यादं एक घर पुढे येऊन मात करेल. जयवंतला हवी तशी. आपण हरलो तर तो सुटेल, असं बेसिलला वाटलं. यापेक्षा जास्त विचार करण्याची ताकद त्याच्यात नव्हती.

"उंट मागे," तो मोठ्यानं म्हणाला.

काही झालं नाही. कौसल्यानं गोधडी बाजूला सारली आणि पदर सारखा केला. दोघं बसून राहिली.

मग भोंगा झाला आणि पहिली पाळी सुटली. थोड्या वेळानं चाळीचा जिना वाजायला लागला. दमलेली पावलं एकेक करून वर येत, कुणी पहिल्या मजल्यावर वळे, कुणी गॅलरीतून पलीकडे जाई, दारं उघडत आणि लागत. हळूहळू सगळं शांत झालं. सगळ्यात शेवटी एक जण चढत होता. प्रत्येक पायरीवर थांबत, पाय दुखत असल्यासारखा. तो वर आला आणि कौसल्याच्या दाराशी उभा राहिला.

दार वाजलं.

कौसल्या धावत गेली नाही. ती सावकाश उठली, चालत गेली आणि तिनं कडी काढली. दार तिनं अर्धंच उघडलं, त्यामुळे खुर्चीतून बेसिलला बाहेरचं काही दिसलं नाही. दिसली ती फक्त कौसल्या. तिनं बाहेर बघितलं. मग वळून खुर्चीत बसलेल्या बेसिलकडे बघितलं, त्याच्या तोंडाकडे, त्याच्या कोटाकडे, दोन सारख्या वस्तू ताडून बघाव्यात तसं. मग पुन्हा बाहेर.

"एकटेच आलात, साहेब?" तिनं बाहेरच्याला विचारलं.